मातीचा गोळा, मिठाचा खडा आणि दगड

जुनाट दुखापतींनंतर धावलेल्या एका शर्यतीच्या निमित्ताने

गेल्या वीस वर्षांत आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर एक नवा रुग्ण येऊन बसू लागला आहे. तो वृद्ध नसतो, स्थूल असेलच असे नाही आणि मधुमेह-रक्तदाबाची फाइलही त्याच्या हातात नसते. वय पस्तीस ते पंचावन्न, पायात महागडे बूट आणि तक्रार एकच : "डॉक्टर, पळताना दुखतं." कोणाची टाच, कोणाचा गुडघा, कोणाची पोटरी. दुखणे दोन-चार वर्षे मुरलेले असते. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मालिशवाले असा सर्व प्रवास करून तो आपल्याकडे आलेला असतो. त्याला विश्रांतीचा सल्ला नको असतो. त्याला पुन्हा धावायचे असते.

नाशिकमध्ये हा वर्ग वाढावा यात नवल नाही. २००३ साली सुरू झालेल्या 'नाशिक रन'ने एरवी रस्त्यावर कधी न धावणारी माणसे रस्त्यावर आणली. हरसूल भागातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोंसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडलेल्या मुलामुलींची नावे आता शहरात सर्वांना ठाऊक आहेत. २०१५ साली डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली. एक थकला की दुसरा रस्त्यावर, अशी ती रीत. दोघेही वैद्यकीय व्यवसायातील असल्याने त्या बातमीने आपल्या क्षेत्रातील पुष्कळांना घराबाहेर काढले, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रश्न असा की या रुग्णाला आपण देतो काय? अभ्यंग, नाडीस्वेद, जानुबस्ती, योगराज किंवा लाक्षादि गुग्गुळ, लेप आणि "तीन आठवडे पळू नका" ही सूचना. तीन आठवड्यांत वेदना उतरते. चौथ्या आठवड्यात रुग्ण आनंदाने दहा किलोमीटर पळून येतो आणि पाचव्या आठवड्यात तो पुन्हा आपल्या बाकावर असतो. औषधाने काम केलेले असते, रुग्णाने पथ्य पाळलेले असते, तरी व्याधी परतते. यात काय निसटते?

माझ्या मते जे निसटते ते सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत आहे. तळहाताच्या भग्नाची चिकित्सा सांगून झाल्यावर आचार्य तेथेच थांबत नाहीत. भग्न सांधल्यानंतर त्या हाताने आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड, असा क्रम ते सांगतात. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी हे वाचले आहे. परीक्षेत भग्नाचे प्रकार विचारले जातात, सहा संधिमुक्त आणि बारा कांडभग्न, म्हणून ते पाठ राहतात. गोळा, मीठ आणि दगड मात्र विस्मरणात जातात. वास्तविक स्नेहन, स्वेदन, बंधन यांनी अवयव भार घेण्यास योग्य होतो. परंतु भार घेण्याची शक्ती त्याला भार देऊनच येते, आणि तो भार पायरीपायरीने वाढवावा लागतो. आज क्रीडावैद्यकात ज्याला क्रमवर्धित भार म्हणतात त्याचे याहून नेमके उदाहरण मला अन्य ग्रंथात आढळलेले नाही.

आमचे चौघे

हे सर्व लिहिण्याचे निमित्त म्हणजे २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही चौघे धावलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली सुरू झालेली ही २१.१ किलोमीटरची शर्यत सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. धडधाकट माणसाचाही कस पाहणारी शर्यत. आमच्यापैकी धडधाकट कोणीच नव्हते.

माझ्या उजव्या गुडघ्यातील आतल्या बाजूची गादी, जिला मेनिस्कस म्हणतात, २०१५ साली फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले होते. त्याआधी इंटर्नशिपपासून दोन्ही घोटे अनेकदा मुरगळलेले. २०१६ नंतर मी धावणे सोडून दिले होते. नाशिकरोडला पंचकर्म चिकित्सालय चालविणाऱ्या आमच्या एक सहाध्यायी वैद्या आहेत. आम्ही त्यांना ताई म्हणतो. २०१८ मध्ये त्यांच्या नडगीच्या हाडाला तणावजन्य भग्न झाला होता. तिसरे अण्णा. जुन्या नाशकात त्यांचे आयुर्वेदिक औषधालय आहे, वय बावन्न, दिवसाचे दहा तास काउंटरमागे उभे राहणे आणि त्यातून जडलेला टाचेचा वातकंटक. चौथा त्यांच्याच दुकानात काम करणारा तरुण, विद्यापीठ स्पर्धांत धावलेला; त्याच्या मांडीच्या मागची पेशी, जिला सर्वजण हॅमस्ट्रिंग म्हणतात, दोन हंगामांत तीनदा दुखावली होती.

येथे थोडे विषयांतर करतो. मराठीत आपण सरसकट 'स्नायू दुखावला' म्हणतो तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात मांस असते. सुश्रुताच्या शारीरात पेशी ५०० आहेत, स्नायू ९०० आणि कंडरा १६. स्नायू म्हणजे बंधने, पेशी म्हणजे मांस. हा केवळ शब्दच्छल नव्हे. मांसाची दुखापत लवकर भरते; स्नायू आणि कंडरेची भरण्यास महिने लागतात, आणि दोन्हींना एकच अवधी सांगणारा वैद्य रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडून देतो. केसपेपरवर नुसते 'स्नायूदुखी' लिहिणे आपण थांबविले तरी निम्मे काम होईल.

अण्णांच्या टाचेचे उदाहरण घ्या. वातकंटकाला चक्रदत्तात वारंवार रक्तमोक्षण, एरंडतैलपान आणि सूचीने दाह असे उपाय आहेत. ताईंनी अण्णांना दोनदा अग्निकर्म केले. प्रत्येक वेळी आठवड्यात आराम आणि दोन महिन्यांत वेदना पुन्हा जागेवर. तिसऱ्या वेळी ताईंनी अग्निकर्मानंतर थांबायचे नाही असे ठरविले. वेदना उतरताच पायरीच्या कडेवर उभे राहून, पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर नेणे आणि सावकाश खाली आणणे, एक दिवसाआड. पुढे पाठीवर पिशवीत वजन घेऊन तेच. तळपायाच्या दुखण्यासाठी अशा जड व संथ व्यायामाचा अभ्यास २०१४ साली डेन्मार्कमध्ये प्रसिद्ध झाला असून, तीन महिन्यांच्या टप्प्यावर केवळ ताणाच्या व्यायामापेक्षा त्याचा लाभ अधिक दिसला. अण्णांच्या दुकानात पिशवीत भरण्यासाठी हिरडा-बेहड्याची पोती होतीच. पाच किलो हिरडा, मग आठ, मग बारा. वेदना परतली नाही.

माझ्या गुडघ्याची कथा निराळी. शल्यकर्म करावे का, हा प्रश्न होता. मला पाहणाऱ्या अस्थिशल्यविशारदांनी स्वतःच सबुरीचा सल्ला दिला. २०१३ साली फिनलंडमधील एका अभ्यासात वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीचे १४६ रुग्ण घेऊन निम्म्यांवर खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया व निम्म्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा करण्यात आला होता, आणि वर्षअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. याचा अर्थ कोणत्याच गुडघ्याला शस्त्र नको असा नाही. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर रुग्ण तत्काळ शल्यविशारदाकडे पाठवावा; जानुबस्तीत वेळ दवडू नये. त्याचप्रमाणे नडगीवर एकाच बिंदूवर बोट ठेवताच वेदना होत असेल आणि रात्री ती वाढत असेल, तर मर्दन वर्ज्य. सुरुवातीच्या आठवड्यांत साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. ताईंचाही तसाच निर्दोष आला होता.

तीन पाळ्या

डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही एकत्र आलो तेव्हा शर्यतीचा विचार नव्हता. गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या धावमार्गावर पहाटे चालायचे एवढेच ठरले. सुश्रुतांच्या क्रमाला आम्ही विनोदाने तीन पाळ्या म्हणू लागलो. मातीची पाळी म्हणजे चालणे आणि पोटरी-मांडीचे साधे व्यायाम. मिठाची पाळी म्हणजे चार मिनिटे चालणे, एक मिनिट पळणे, आणि हे प्रमाण दर पंधरवड्याने थोडे बदलणे. दगडाची पाळी म्हणजे सलग पळणे आणि चढ-उतार. एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जाण्याची कसोटी एकच : आजच्या श्रमाची वेदना उद्या सकाळी उठल्यावर शिल्लक असता कामा नये. असेल तर पाळी तीच. अण्णा मिठावर सात महिने होते. दुकानात भेटलेल्या ग्राहकांनाही ते सांगत, "मी अजून मिठावरच आहे," आणि रक्तदाबाचे रुग्ण बुचकळ्यात पडत.

चढ-उतारासाठी आम्ही पांडवलेण्यांच्या पायऱ्या निवडल्या. उतरताना गुडघ्यावर येणारा भार चढण्यापेक्षा अधिक असतो, कारण मांडीची पेशी लांबत असतानाच तिला शरीर तोलावे लागते. बहुतेक धावपटू चढाचा सराव करतात आणि उताराला विश्रांती समजतात. साताऱ्याच्या शर्यतीत निम्मा रस्ता उताराचा आहे.

संघाचा खरा उपयोग मला येथे कळला. हॅमस्ट्रिंगसाठी जो नॉर्डिक नावाचा व्यायाम आज जगभर केला जातो, तो गुडघ्यांवर बसून सावकाश पुढे झुकण्याचा आहे, आणि कोणीतरी घोटे धरून ठेवल्याशिवाय तो नीट होत नाही. त्या तरुणाचे घोटे आठवड्यातून दोनदा अण्णा धरत. मालकाने नोकराचे पाय धरल्याचे पाहून मैदानावरची मंडळी हसत. अण्णा म्हणत, "अहो, त्याचा पाय टिकला तर माझं दुकान टिकतं."

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अर्धशक्तीची. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा हे आपण प्रत्येक रुग्णाला सांगतो. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही त्याची गमके मानली जातात. सुश्रुत त्याहून नेमके सांगतात की हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागला म्हणजे बलार्ध झाले. नाकाने चाललेला श्वास तोंडाने होऊ लागण्याचा हा क्षण आजच्या 'बोलता येते का' या चाचणीशी तंतोतंत जुळतो. अडचण एवढीच की धावणारा माणूस स्वतःचा बलार्ध ओळखत नाही. दुखापतीतून उठलेला तर मुळीच नाही. त्याच्या मनात गमावलेल्या वर्षांचा हिशेब चाललेला असतो. शेजारी धावणाऱ्याला मात्र त्याचा श्वास ऐकू येतो, त्याचे पाऊल दिसते. म्हणून आम्ही नियम केला : थांबायचे की नाही हे ज्याला दुखते त्याने ठरवायचे नाही, त्याच्या मागून धावणाऱ्याने ठरवायचे. सांगितले की चालायचे. वाद संध्याकाळी चहावर.

औषधांच्या कपाटाविषयी

आमच्यातील तरुण अधिकृत स्पर्धांत धावणारा असल्याने अण्णांच्या दुकानातील कपाट आम्हाला नव्या दृष्टीने पाहावे लागले. औषधालयमालक वाचकांसाठी हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा टॉमस हिक्स याला त्याच्या साहाय्यकांनी वाटेत स्ट्रिक्नीन, कच्च्या अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली होती. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते. आज स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत स्पर्धाकाळातील निषिद्ध द्रव्य आहे. आणि स्ट्रिक्नीन म्हणजे आपला कुचला. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी या दोन्हींत तो आहे. कंबर धरली म्हणून विषतिंदुक, पोट बिघडले म्हणून अग्नितुंडी, हे आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की समोरचा मुलगा पुढच्या रविवारी राज्यस्पर्धेत धावणार आहे हे विचारण्याचे लक्षातही येत नाही. जातीफलादि चूर्णात भांग आहे आणि भांगेतील द्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. कर्पूर रसात अहिफेन आहे. श्वासासाठी सोमकल्प देणाऱ्यांनी त्यातील एफेड्रिन लक्षात घ्यावे. मूत्रातील त्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास खेळाडू दोषी ठरतो. हिजेनामिन नावाचे द्रव्य तर स्पर्धा असो वा नसो, सर्वकाळ निषिद्ध आहे आणि ते टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत आढळते. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. परंतु दोन्ही वेली दिसायला सारख्या असल्याने बाजारात गुळवेलीच्या नावाखाली काय येते हे पाहण्याची जबाबदारी खरेदी करणाऱ्याची आहे.

२०११ साली आपल्या ४ बाय ४०० मीटर रिले संघातील धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या तेव्हा त्यांनी जिनसेंगच्या पूरक औषधाकडे बोट दाखविले होते. आधी एक वर्षाची झालेली बंदी पुढे क्रीडा लवादाने दोन वर्षांची केली. हेतू काय होता हे पाहिले जात नाही. शरीरात काय सापडले हे पाहिले जाते. कुपीलु, अहिफेन, भांग ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये असल्याने त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. तेवढी ओळ वाचण्याची सवय काउंटरवरील माणसाला लावली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. अण्णांनी दुकानातील अशी सर्व औषधे एका वेगळ्या फळीवर काढून ठेवली आणि खेळाडू दिसणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला "स्पर्धा कधी आहे?" असे विचारण्याचा दंडक केला. त्या तरुणाला शर्यतीआधीच्या महिन्यांत आम्ही मुखावाटे कोणतेही संयुक्त औषध दिले नाही. तिळतेल, एरंडतेल, मुगाची खिचडी, खजूर आणि दूध एवढ्यावर तो तयार झाला.

आम्हा तिघांना अशी अडचण नव्हती. वर्षाऋतू हा वाताच्या प्रकोपाचा काळ, त्यात अतिव्यायाम वर्ज्य, आणि आम्ही नेमके त्याच ऋतूत घाट चढण्यास निघालेलो. शास्त्राशी हा विरोध आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर ताईंनी मात्राबस्तीची योजना केली. व्यायाम, भार व मार्गक्रमणाने कृश झालेल्यांना चरकांनी सिद्धिस्थानात मात्राबस्ती सांगितली आहे आणि तिला आहारविहाराचे कडक बंधन नाही. बलातैलाच्या मात्राबस्ती श्रावणात ठराविक अंतराने घेतल्या. माझा अनुभव असा की पहाटे उठल्यावर पोटऱ्यांत भरणारा जडपणा त्या काळात जवळजवळ नाहीसा झाला. तीन व्यक्तींच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते. परंतु धावपटूंवर याचा पद्धतशीर अभ्यास करण्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे चांगला विषय आहे.

यवतेश्वरचा घाट

नाशिकहून पुणेमार्गे सातारा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दुपारी पोहोचलो, संध्याकाळी खिचडी आणि तूप, रात्री तळपायांना तेल. पहाटे पाऊस बारीक होता. हजारो माणसे, बहुतेकांच्या अंगावर प्लास्टिकचे पातळ झगे, आणि सातारकरांचा उत्साह असा की अंधारात दारादारांत उभे राहून लोक टाळ्या वाजवीत होते. समर्थ मंदिर मागे पडले आणि चढ सुरू झाला.

तरुणाला आमच्यासोबत अडकविणे अन्यायाचे झाले असते. तो सुरुवातीपासूनच स्वतःच्या गतीने निघून गेला. आम्ही तिघे एकत्र. घाटात श्वास तोंडाने होऊ लागला की चालायचे, नाकाने होऊ लागला की पळायचे. मागचे-पुढचे लोक धापा टाकीत आम्हाला ओलांडून जात होते आणि ताई त्यांच्याकडे पाहून शांतपणे म्हणत होत्या, "बलार्ध गेला." वर धुके होते. कासच्या दिशेने जाताना परतणारे वेगवान धावपटू समोरून येऊ लागले. त्यांत आमचा तरुण दिसला. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "दगड! दगड!" आजूबाजूच्यांनी दरड कोसळली की काय म्हणून डोंगराकडे पाहिले.

वळणबिंदू गाठेपर्यंत मला काहीही जाणवले नव्हते. उतार सुरू झाल्यावर तीनेक किलोमीटरवर गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक चमक येऊ लागली, प्रत्येक चौथ्या-पाचव्या पावलाला. मी पाऊल किंचित बाहेर टाकू लागलो. ते मला कळलेही नव्हते. मागून ताईंचा आवाज आला.

"वैद्य, उजवा पाय बाहेर पडतोय. चाला."

"दुखत नाहीये ताई, फारसं."

"मी विचारलेलं नाही. चाला."

अण्णा पुढे जाऊन वळून पाहू लागले. ताईंनी त्यांना हातानेच पुढे जायला सांगितले. एकाने थांबायचे, बाकीच्यांनी जायचे, असे ठरलेलेच होते. सात वर्षे न धावलेल्या माणसाला उतारावर, जेथे पाय आपोआप पळू पाहतात तेथे, चालावयास लावणे म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येत नाही. मला ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकाचा पाठीवरील क्रमांक मी वाचत होतो. मध्ये एक साठीचे गृहस्थ, मग शाळेच्या शिक्षिका असाव्यात अशा दोघी. जवळजवळ अडीच किलोमीटर आम्ही चाललो. ताई वेळ सांगत नव्हत्या आणि मीही विचारली नाही. चालताना त्यांनी चिकित्सालयातील एका पक्षाघाताच्या रुग्णाचा वृत्तांत सविस्तर सांगितला, जणू आम्ही गंगापूर रोडवर फिरावयास निघालो होतो. त्यांच्या स्वतःच्या नडगीला काही झालेले नव्हते. त्यांना पळता आले असते.

घाट संपता संपता चमक थांबली. ताईंनी मला पन्नास पावले पळावयास लावले, स्वतः मागे राहून पाहिले आणि म्हणाल्या, "आता मीठ." म्हणजे एक मिनिट पळणे, चार मिनिटे चालणे. शहरातील सपाट रस्त्यावर ते दोन-दोन झाले, आणि शेवटचा किलोमीटर आम्ही सलग पळालो.

तरुण एक तास चौतीस मिनिटांत आला होता. त्याच्या हॅमस्ट्रिंगने तक्रार केली नाही. अण्णा, ज्यांना आम्ही सर्वांत मागे धरून चाललो होतो, दोन तास एकावन्न मिनिटांत पोहोचून केळे खात उभे होते. ताई आणि मी तीन तास चार मिनिटे. संध्याकाळच्या चहावर वाद घालण्याचा माझा हक्क मी राखून ठेवला होता. तो वापरला नाही.

परतीच्या प्रवासात गुडघ्यावर थोडी सूज दिसली. पहिले दोन दिवस मर्दन नाही, केवळ दशांग लेप व पाय उंचावर. तिसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर अभ्यंग आणि सौम्य स्वेद, आठव्या दिवशी पुन्हा मातीची पाळी. सहा आठवड्यांनी मी मिठावर आलो आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पांडवलेण्यांच्या पायऱ्या पुन्हा उतरलो.

त्यानंतर माझ्या केसपेपरवर मी दोन ओळी छापून घेतल्या आहेत. पहिली, 'भार : माती / मीठ / दगड', तीवर दर भेटीला खूण करायची. दुसरी, 'सोबत कोण धावते?' दुसऱ्या ओळीत पुष्कळ रुग्ण 'कोणी नाही' असे लिहितात. अशांना मी आता परस्परांचे दूरध्वनी क्रमांक, त्यांची संमती घेऊन, देतो. गेल्या काही महिन्यांत अशा सहा जणांचा एक गट गोल्फ क्लबवर पहाटे साडेपाचला चालू लागला आहे. त्यांतील चौघे अद्याप मातीवर आहेत.